अकरा फुटी घर आणि पश्चिमेची काच

आमचं घर अकरा फूट रुंद आणि बावन्न फूट लांब. सोलापुरात गिरण्या जोरात होत्या त्या काळी एका गिरणीनं आपल्या कारकुनांसाठी तेरा घरांची ही ओळ बांधली. पुढं गिरणी बंद पडली आणि राहणाऱ्यांनीच घरं विकत घेतली. माझे सासरे त्यांतले एक. दोन घरांत एकच भिंत, समोर काळ्या दगडाचा दर्शनी भाग, वर लाकडी सरांवर, म्हणजे तुळयांवर, मातीचं सपाट माळवद, मागं परस आणि परसात न्हाणी व हौद. मधल्या खोल्यांत भर दुपारी दिवा लावायला लागायचा. पाहुणे आले की एकामागोमाग एक आत यायचे आणि निघताना शेवटचा पहिला निघायचा. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, हा घराकडं जाणारा बोळ आहे, घर पुढं कुठंतरी असेल.

त्या बोळात मी पंचवीस वर्षं संसार केला. शाळेत गणित शिकवलं, एक मुलगी वाढवली, तिचं लग्न लावलं. घराबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मग माझ्या नवऱ्यानं बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली.

तीस वर्षं ज्या माणसानं तीन सह्या असल्याशिवाय कागद पुढं सरकवला नाही, तो आता दिवसभर आरामखुर्चीत बसून मोबाइलवर घरं पाडायला लागला. परदेशातली माणसं आपली जुनी अरुंद घरं घ्यायची, मागची बाजू पाडायची, तिथं काचेची खोली जोडायची. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी नवरा-बायको हातात कप घेऊन काचेतून बाहेर बघत उभे. बाहेर हिरवळ, नाहीतर पाऊस. आमच्या परसातून बाहेर बघायचं तर मागच्या घराची भिंत होती आणि तिच्यावर वाळत घातलेल्या कुणाच्या तरी लुंग्या.

"या घराचा जीव गुदमरतोय," तो एक दिवस म्हणाला.

"कुणाचा?"

"घराचा. घराला श्वास लागतो."

पंचवीस वर्षांत माझा जीव गुदमरतोय का, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. पण घराचं दुःख मात्र त्याला पटकन कळलं.

त्याच्या बहिणीची मुलगी पुण्यात आर्किटेक्ट आहे. तिला बोलावणं गेलं. ती आली, मधल्या खोलीतल्या भिंतीवर तळवा टेकून डोळे मिटून उभी राहिली. मला वाटलं चक्कर आली असेल, म्हणून मी पाणी आणलं.

"मामी, ही भिंत किती प्रामाणिक आहे," ती म्हणाली. "हिला आपण गप्प केलंय. गिलावा काढू, आतला दगड दिसू दे. हिला बोलू दे."

मग ती परसात गेली. न्हाणीला ती 'मृत जागा' म्हणाली, हौदाला 'अडथळा'. दोन्ही काढून तिथं दुप्पट उंचीची काचेची खोली होणार होती. न्हाणी जिन्याखाली जाणार होती आणि हौद जमिनीच्या पोटात. मागची अख्खी भिंत काचेची.

"ती पश्चिम आहे," मी म्हणाले.

"म्हणून तर! संध्याकाळचा प्रकाश काय सुंदर येईल."

"आणि दुपारचा?"

"तुला प्रकाशाचं एवढं वावडं का आहे गं?" नवरा मध्येच म्हणाला.

मी गणिताची शिक्षिका. सूर्य कुठल्या महिन्यात किती कोनात त्या काचेवर पडेल, हे मी फळ्यावर काढून दाखवू शकले असते. मी काढलं नाही. कारण त्याच बैठकीत भाचीनं माझी उंची मापली आणि मला माझ्या उंचीचा ओटा देणार म्हणून सांगितलं. सासूबाई माझ्यापेक्षा वीतभर बुटक्या. त्यांच्या ओट्यावर वाकून पंचवीस वर्षं पोळ्या लाटल्या होत्या. ओट्याचं नाव निघाल्यावर माझ्या तोंडून सूर्याविषयी एक शब्द निघाला नाही. वर्गात एखादी मुलगी अशी गप्प बसली असती तर मी तिला उभं केलं असतं.

मिस्त्री मंद्रूपचा. रोज मोटारसायकलवरून यायचा आणि गावच्या बाजारादिवशी न विचारता सुट्टी घ्यायचा. भाचीनं त्याला नकाशा समजावून सांगितला. त्यानं तो सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला आणि माझ्याकडं वळला.

"बाई, ह्ये काचंचं घर कुणासाठी हाय?"

"आमच्यासाठी."

"तुमी राहणार व्हय ह्यात?"

"राहणार की."

"बरं," तो म्हणाला आणि कामाला लागला. त्या 'बरं'चा अर्थ कळायला मला सहा महिने लागले.

पहिल्याच आठवड्यात भिंत बोलायला लागली. मधल्या खोलीतला गिलावा काढला तर आत दगड नव्हताच. गिरणीवाल्यांनी दगड फक्त रस्त्याच्या बाजूला लावला होता. आत माती, विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या. भाचीचा विश्वास बसेना.

"अजून थोडं आत जा. दगड असणारच."

"म्याडम, हितं दगूड न्हाय. जास्ती मारलं तर पल्याड जाईल."

"अजून फक्त दोन इंच."

"दोन इंचावर पल्याडच्यांचा सैपाक चालू हाय की."

पण ती नकाशावाली होती आणि तो हातोडावाला. त्यानं आणखी एक घाव घातला. आधी मातीचा लोट आला, मग पलीकडं भांड्यांचा असा गडगडाट झाला की रस्त्यावरची रिक्षा थांबली. पलीकडच्या बाजूला नेमका तिथंच कोनाडा होता, त्यामुळं भिंत एका विटेची उरली होती. धूळ खाली बसली तेव्हा दोन फुटांच्या भोकातून शेजारच्या अक्का आमच्याकडं बघत होत्या. हातात झारा, केसांत माती.

अक्का तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातल्या. नवरा वारलेला, मुलगा हैदराबादला. त्या घरीच टॉवेलांच्या कडा शिवायच्या. पंचवीस वर्षांत आमचं बोलणं पाण्यापुरतं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, ते आलं की ज्याला आधी कळेल त्यानं दुसऱ्याची कडी वाजवायची, एवढाच व्यवहार. मला वाटलं, आता शिव्या ऐकायला लागणार. अक्कांनी पडलेल्या भांड्यांकडं बघितलं, भोकाकडं बघितलं, आमच्या चौघांच्या तोंडांकडं बघितलं.

"टीचर, आलाच आहात तर बसा की," त्या म्हणाल्या.

मी दारानं तिकडं गेले, त्यांची भांडी घासून दिली आणि क्षमा मागितली. परत आले तर भाची भोकाशी डोळा लावून उभी.

"मामा, हे बंद नको करू या. इथं काचेचा ठोकळा बसवला तर दोन घरांमध्ये काय संवाद होईल!"

"अक्कांचा स्वयंपाक दिसेल," मी म्हणाले.

"तेच तर!"

निदान एवढ्याला नवरा नाही म्हणाला. पण मग भाची घाबरली. भिंत सामाईक, वरचे सर तिच्यावर टेकलेले, आता तज्ज्ञानं बघितल्याशिवाय कुणीही हात लावायचा नाही, असं सांगून ती पुण्याला निघून गेली. तज्ज्ञ पाच आठवड्यांनी आले. दोन मिनिटं उभे राहून "वीट लावून बंद करा" एवढं बोलले आणि चहा पिऊन गेले. ते पाच आठवडे भोक तसंच होतं. आमच्या बाजूनं एक चादर लावली, अक्कांच्या बाजूनं एक. दोन्ही सोलापुरीच, जाड, पण आवाज काही त्यांना अडत नव्हता.

पहिले दोन दिवस आम्ही कुजबुजत भांडलो. तिसऱ्या दिवशी विसरलो. ओट्याला काळा ग्रॅनाइट की पांढरा, यावरून नवरा तावातावानं बोलत होता तेव्हा पलीकडून आवाज आला, "काळाच घ्या टीचर. पांढऱ्यावर हळदीचा डाग जात नाही." काळाच घेतला. हळूहळू अक्का आमच्या घरातल्या तिसऱ्या मतदार झाल्या आणि त्यांचं मत दरवेळी माझ्या बाजूनं पडू लागलं. नवऱ्याला हा सरळसरळ गैरव्यवहार वाटत असे. चादरीखालून कधी चिंचेच्या भाताची वाटी यायची, मी इकडून पुरणपोळी सरकवायची. पाण्याची कडी वाजवायची गरज उरली नाही, भिंतीतूनच हाक यायची.

एके सकाळी नवरा बँकेतल्या जुन्या मित्राशी फोनवर बोलत होता. मी शाळेची तयारी करत होते.

"नाही रे, शेजारी तसे बरे आहेत," तो म्हणाला, "पण अडाणी. त्यांना डिझाइन वगैरे काय कळणार? आयुष्य टॉवेलांत गेलं त्यांचं."

पलीकडं शिलाई मशिनचा आवाज थांबला.

"साहेब," चादरीमागून अक्का म्हणाल्या, "आमच्या घराला पण तिकडं खिडकी होती, पश्चिमेला. मोठी. माझा सासरा बुजवला."

नवऱ्यानं फोन छातीशी धरला. "का हो, अक्का?"

"उन्हाळ्यात भांडं हातात धरायला येत नव्हतं. लेकरं अंगावर पुरळ घेऊन रडायची. म्हणून बुजवला."

"तसं नाही अक्का, ही काच वेगळी असते. खास असते."

"हो का. ऊन पण वेगळा आणणार का?"

मशिन पुन्हा सुरू झालं. नवरा फोन घेऊन रस्त्यावर गेला. मी तोंडावर पदर धरून हसले आणि हसता हसता लाज वाटली. अक्का जे एका वाक्यात बोलल्या ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फरक एवढाच, त्यांना कुणी ओटा देऊ केला नव्हता.

भिंतीतलं भोक बुजलं, काच बसली, काम संपलं ते डिसेंबरच्या शेवटी. आणि खरं सांगते, खोली सुंदर झाली. आमच्या ओळीत कुणी बघितलं नव्हतं असं ऊन थेट मधल्या खोलीपर्यंत आलं. मी माझ्या ओट्याशी ताठ उभी राहून पोळ्या लाटल्या. थंडीत त्या खोलीत बसून पेपर तपासताना मला वाटलं, आपण उगीच शंका घेतली. नातेवाईक आले, होटगीहून माझी नणंद, म्हणजे भाचीची आई, आली. सगळे कप घेऊन काचेशी उभे राहिले आणि मागच्या भिंतीवरच्या लुंग्यांकडं बघून "वा" म्हणाले.

एक अडचण होती. हौद जमिनीत घेताना त्याचं झाकण कुठं येईल, याचा विचार कुणी केला नव्हता. ते बरोबर सोफ्याखाली आलं. त्यामुळं नळाला पाणी आलं की सोफा उचलायचा, गालिचा गुंडाळायचा, झाकण काढायचं आणि पाईप आत सोडायचा. एकदा नवऱ्याचे बँकेतले मित्र सोफ्यावर बसलेले असतानाच अक्कांनी बाहेरून "पाणी!" अशी हाक मारली. माजी शाखाधिकाऱ्यांना आम्ही कप-बशीसकट उठवलं. त्यांनीही बिचाऱ्यांनी सोफ्याला हात लावला.

मार्च लागला. पंधरा तारखेपर्यंत त्या खोलीत चारनंतर बसता येईना. एप्रिलमध्ये दुपारी दोनलाच काचेला हात लावला की झटकन मागं यायचा. शाबादी फरशी काढून घातलेल्या चकचकीत टाइलवर अनवाणी चालणं बंद झालं. मी तिथं पापड घातले, दीड तासात वाळले. माझा ओटा, ज्यासाठी मी तोंड बंद ठेवलं होतं, त्याच खोलीच्या कडेला होता. पहाटे सगळा स्वयंपाक उरकून मी तिथून पळायची.

नवरा मात्र हरायला तयार नव्हता. दुपारी डोक्यावर ओला पंचा ठेवून तो काचेसमोर बसायचा. चेहरा लाल, बनियन भिजलेलं.

"अहो, आत या."

"सवय होतेय. पहिल्या वर्षी घर सेट व्हायला वेळ लागतो."

काचेच्या सरकत्या दाराचा एक रूळ तापून वाकडा झाला म्हणून मिस्त्रीला बोलावलं. त्यानं काचेजवळ उभं राहून घाम पुसला. मीच विचारलं, "तुम्हाला आधीच कळलं होतं ना?"

"कळलं हुतं की."

"मग सांगितलं का नाही?"

"बाई, नकाशा पुण्यावनं आल्याला. आन् घर तुमचं. म्या इचारलं हुतं, तुमी राहणार व्हय म्हून. तुमी व्हय म्हनला."

खरंच होतं. मी 'राहणार की' म्हणाले होते, तेही जरा तोऱ्यात.

त्याच आठवड्यात भाचीचा फोन आला. कुठल्यातरी मासिकाला जुन्या घरांच्या नव्या रूपांवर छापायचं होतं आणि त्यांना आमचं घर हवं होतं, तेही पश्चिमेच्या उन्हात. ती फोटोग्राफर घेऊन आली. आधी त्यांनी घरातून आम्हाला काढलं. कालनिर्णय गेलं, प्लास्टिकच्या खुर्च्या गेल्या, लोणच्याच्या बरण्या, औषधांचा डबा, माझ्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, सगळं पुढच्या खोलीत. ओट्यावर एक लाकडी वाडगा आणि त्यात तीन लिंबं ठेवली. मी ओट्याशी उभी राहिले.

"मामी, तू नकोस फ्रेममध्ये. तुझी फक्त सावली येऊ दे."

सावली द्यायला मला उन्हात उभं राहावं लागलं. पाच मिनिटांत मी "पुरे" म्हणून बाहेर आले. भाची आतच होती. लिंबं हलवत होती, पडदा सारखा करत होती, "पाचला प्रकाश सोनेरी होईल" म्हणत होती. आधी फोटोग्राफरचा कॅमेरा तापून बंद पडला. तो पंख्याचं बटण शोधायला लागला. पंखा नव्हता, कारण पंख्यानं छताची रेषा बिघडते असं भाचीनंच सांगितलं होतं. आणि मग लिंबाचा वाडगा हातात घेऊन ती सरळ खाली बसली आणि आडवी झाली.

मी ओरडले. नवरा धावला. आवाज ऐकून अक्काही आल्या. त्यांनी भाचीच्या कपाळाला हात लावला आणि "इथं नको, आमच्याकडं न्या," एवढंच म्हणाल्या. रूळ बसवायला आलेल्या मिस्त्रीनं आणि नवऱ्यानं तिला उचललं. अक्कांच्या मधल्या खोलीत जुनी फरशी, त्यावर तिला निजवलं. ओला टॉवेल मानेवर, एक पायांवर. टॉवेलांना तोटा नव्हता. फोटोग्राफर दारात उभा राहून "हॉस्पिटल, हॉस्पिटल" करत होता. मी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना फोन लावला. ते येईपर्यंत ती डोळे उघडून ताक प्यायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, विश्रांती घेऊ द्या. त्यांनी विचारलं, कुठल्या माळावर गेली होती? नवऱ्यानं खाली बघितलं.

भाची वर बघत पडून होती. हिरवा ऑइलपेंट, ठेंगणं छत, भिंतीवर देवाचं जुनं कॅलेंडर.

"इथं किती गार आहे," ती म्हणाली.

"खिडकी नाही ना," अक्का म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं तर मला का नाही सांगितलं?"

"सांगितले की. भिंतीतून सांगितले. तुम्ही पुण्याला होता."

ती रडायला लागली. एवढ्या दिवसांत मला तिची पहिल्यांदाच माया आली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची पोर, पुण्याच्या हवेत शिकलेली. तिला कुणी सोलापूरचा मे शिकवला नव्हता, आणि ज्यांना तो पाठ होता त्या आम्ही दोघांनी तोंड मिटून घेतलं होतं. एकानं हौसेपायी, एकीनं ओट्यापायी. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. "चूक माझीपण आहे," म्हणाले. तिनं ते ऐकलं की नाही, माहीत नाही. नवऱ्यानं नक्की ऐकलं, कारण तो लगेच म्हणाला, "चूक कुणाचीच नाही, यंदाचा उन्हाळाच जास्त आहे."

मासिकात फोटो आले. लिंबं छान आली होती. लेखात लिहिलं होतं की हे घर प्रकाशाशी मैत्री करतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात मिस्त्रीनं बाहेरून लोखंडी पाईप लावून काचेवर रोपवाटिकेवर असते तसली हिरवी जाळी ताणली. आत सगळं हिरवं झालं. माझ्या पोळ्या हिरव्या दिसायच्या, नवरा आजारी दिसायचा, पण बसता येऊ लागलं. छताची रेषा बिघडवून पंखाही लावला. भाचीनं तो फोनवर बघितला आणि "हो मामी, लाव" एवढंच म्हणाली. हल्ली ती काम घेताना आधी त्या गावात मे महिन्यात जाऊन राहते, असं तिची आई सांगते. खरं असेल तर चांगलं आहे.

नवरा दर नोव्हेंबरला जाळी काढतो आणि फेब्रुवारीच्या शेवटी गुपचूप परत लावतो. गेल्या जानेवारीत ओळीतल्या शेवटच्या घरातलं तरुण जोडपं आमची खोली बघायला आलं. सकाळचे दहा, अंगाला बरं वाटणारा गारवा, काच पुसलेली. बायको काचेशी कप घेऊन उभी राहिली आणि हलेना. माझ्या नवऱ्यानं त्यांना सगळं समजावून सांगितलं: घराचा श्वास, भिंतीचा प्रामाणिकपणा, सगळं. जाळीबद्दल अवाक्षर नाही. ती जाळी गुंडाळून गच्चीवर ठेवलेली होती.

"काकू, तुम्हाला कशी वाटते खोली?" त्या मुलीनं मला विचारलं.

या वेळी कुणी मला काही देऊ केलेलं नव्हतं. "मेमध्ये या बघायला," मी म्हणाले. "दुपारी तीन वाजता या."

"नक्की येऊ काकू!" ती हसून म्हणाली. तिला ते चहाचं आमंत्रण वाटलं.

"तसं नाही, ऐक. ऊन फार येतं. आमच्या भाचीला इथंच चक्कर आली होती. पश्चिमेला काच लावू नका."

ती आपल्या नवऱ्याकडं बघून हसली. तो म्हणाला, "आम्ही एसी लावणार आहोत, काकू."

मार्चमध्ये त्यांची न्हाणी पाडली. काच आली त्या दिवशी गल्लीत टेम्पो वळेना. माझा नवरा बनियनवर धावत गेला आणि दोन्ही हात वर करून "मागं, अजून मागं, येऊ दे, येऊ दे" म्हणत टेम्पो आत घ्यायला लागला. अक्का दारात टॉवेलांचा गठ्ठा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मी सांगितलं होतं, अक्का," मी म्हणाले.

"ऐकले मी," त्या म्हणाल्या आणि टॉवेल शिवायला आत गेल्या.